फिल्टर धुण्याची घाई आणि खाद्याची चिमूट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरातल्या छोट्या मत्स्यटाकीविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत जे छापून येते, त्यात टाकी कुठे ठेवावी, मागे कोणता पडदा लावावा, दिवा कसा असावा, कोणते मासे सोबत शोभतील हे सगळे तपशिलात असते. फिल्टर आणि खाद्य यांच्या वाट्याला मात्र एकेक वाक्य येते. ‘फिल्टर वेळोवेळी स्वच्छ धुवावा’ आणि ‘माशांना दिवसातून दोनदा खाद्य द्यावे’. वाक्ये खोटी नाहीत, पण अर्धवट आहेत, आणि हा अर्धवटपणा माशांच्या जिवावर बेततो. पहिले वाक्य वाचून लोक फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत चोळतात. दुसरे वाचून सकाळ-संध्याकाळ घसघशीत चिमूट पाण्यात पडू लागते. पुढच्या आठ-दहा दिवसांत एकेक मासा तरंगायला लागला की ‘पाणी मानवले नाही’ किंवा ‘मासेच नाजूक होते’ असे म्हणून विषय संपतो. फिल्टर आणि खाद्य या एकाच हिशेबाच्या दोन बाजू आहेत, आणि तो हिशेब वाचकांपुढे नीट यावा म्हणून हे लांबलेले पत्र.

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांचा बराचसा नायट्रोजन तो अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांवाटे. न खाल्लेले दाणे, विष्ठा, सडलेली पाने यांतूनही अमोनियाच सुटतो. तळ्यात तो विरून जातो. चाळीस-पन्नास लिटर पाण्यात त्याला जायला जागा नसते. तिथे फिल्टर कामाला येतो. स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिकच्या नळकांड्यांवर, तळाच्या खड्यांवर जीवाणूंचा पातळ, बुळबुळीत थर बसतो. त्यातला एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांनी असे जीवाणू १८९० च्या सुमारास मातीतून वेगळे करून दाखवले. शेतात चालते तेच काम टाकीत चालते. नायट्राइटही विषारीच असते. ते रक्तातले हिमोग्लोबिन निकामी करते, रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असते. ते पाणी बदलून कमी करायचे किंवा पाणवनस्पतींनी ओढून घ्यायचे.

हे जीवाणू वाढायला फार वेळ घेतात. इतर कित्येक जीवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना चांगल्या परिस्थितीतही दिवसभर लागू शकतो. नव्या टाकीचा फिल्टर पुरता तयार व्हायला चार ते सहा आठवडे जातात ते यामुळेच. आणि पाच मिनिटांत नळाखाली धुऊन टाकलेला थर परत बसायलाही त्याच हिशेबाने वेळ लागतो. तोवर अमोनिया साठत राहतो.

किती साठतो? ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरची टाकी काठोकाठ भरली तर ५४ लिटरची. खडे, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करता प्रत्यक्ष पाणी ४५ लिटरच्या आसपास राहते. खाद्याच्या डब्यावर प्रथिने ४० टक्के असल्याचे लिहिले आहे असे धरू. प्रथिनांच्या वजनात नायट्रोजन साधारण १६ टक्के असतो. म्हणजे १ ग्रॅम खाद्यात ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन झाला. तो सगळा अमोनिया झाला तर ७८ मिलिग्रॅमच्या घरात जातो, आणि ४५ लिटरमध्ये लिटरमागे १.७ मिलिग्रॅम होतो. चालू टाकीत अमोनियाची चाचणी शून्यच दाखवायला हवी, ०.५ दिसले तरी काहीतरी बिघडले आहे असे समजून कामाला लागावे. थोडा नायट्रोजन माशाच्या वाढीत जातो, थोडा गाळात अडकतो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा याहून कमी येईल. पण फिल्टर उभा नसेल तर एका ग्रॅमची ताकद एवढी आहे, हे खाद्य टाकणाऱ्या हाताला माहीत असलेले बरे.

इथे पाण्याच्या पीएचचाही, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्या मापाचाही, मोठा वाटा असतो. पाणी २५ अंशांवर आणि पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी, मुक्त रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो. चाचणीतला आकडा तोच, पण विष जवळजवळ दहापट. एका घरात निभावून गेलेली चूक दुसऱ्या घरात सगळी टाकी रिकामी करते, त्याचे एक कारण हे.

आता प्रत्यक्ष धुण्याकडे येतो. फिल्टर कधी धुवायचा हे कॅलेंडर पाहून ठरवू नये, प्रवाह पाहून ठरवावे. काठावर टांगायच्या किंवा वरून पाणी सोडणाऱ्या फिल्टरचे पाणी मगात धरता येते. फिल्टर नवा असताना १ लिटरचा मग भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवावे. ताशी ३०० लिटर असे छापलेल्या पंपाने हिशेबाने १२ सेकंद घ्यायला हवेत, पण तो आकडा स्पंज नसताना आणि पाणी वर चढवायचे नसतानाचा असतो. प्रत्यक्षात १६ ते १८ सेकंद लागले तरी पंप ठीक आहे. सुरुवातीच्या वेळेच्या दीडपट वेळ लागू लागला की धुवायची वेळ झाली. पाण्यात बुडणाऱ्या फिल्टरचे पाणी मगात येत नाही, तिथे पृष्ठभागावरच्या लाटा कुठवर पोचतात त्यावर नजर ठेवावी. हवेवर चालणाऱ्या साध्या स्पंज फिल्टरमध्ये पंप जोरात असूनही बुडबुडे तुटक येऊ लागले, नळीतून पाणी वर येणे मंदावले आणि स्पंजवर मऊ गाळाचे पांघरूण दिसू लागले की समजावे. बहुतेक घरगुती टाक्यांत ही वेळ दोन ते चार आठवड्यांनी येते. दर आठवड्यालाच येत असेल तर मासे तरी जास्त आहेत किंवा खाद्य तरी.

आधी प्लग काढावा. नुसते बटण बंद करून पाण्यात हात घालू नये. सायफनच्या नळीने टाकीतले दहा-बारा लिटर पाणी बादलीत काढावे. स्पंज त्याच पाण्यात धुवायचा आहे. स्पंज वर उचलताना खाली एखादा वाडगा किंवा प्लास्टिकची पिशवी धरावी, नाहीतर महिन्याभराचा गाळ धुराच्या लोटासारखा टाकीभर पसरतो. बादलीत स्पंज पूर्ण बुडवून मुठीत दाबायचा आणि पाण्याखालीच सोडायचा. पहिल्या दाबाला पाणी गडद तपकिरी होते, दुसऱ्या-तिसऱ्याला त्यात बारीक चोथा दिसतो. चार-पाच वेळा दाबले की पुरे. मूठ सोडल्यावर स्पंज लगेच फुगून मूळ आकारात आला, म्हणजे छिद्रे मोकळी झाली. रंग तपकिरीच राहतो आणि तो तसाच राहायला हवा. कपड्यासारखा पिळू नये, ब्रशने घासू नये. साबणाचा तर प्रश्नच नाही. ज्या बादलीत कधी साबण विरघळला आहे ती बादलीही या कामाला घेऊ नये. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठीच क्लोरीन घातलेले असते, आणि त्याला आपल्या कामाचे जंतू कोणते ते ओळखता येत नाही.

फिल्टरमध्ये दोन स्पंज असतील तर एकाच दिवशी दोन्ही धुवू नयेत, दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. सिरॅमिकची नळकांडी दोन-तीन महिन्यांतून एकदा त्याच बादलीत बुडवून हलवली तरी भागते. पांढरा फिल्टर कापूस चोंदला की खुशाल फेकावा, तो बारीक गाळ धरण्यापुरताच असतो. अट एवढीच की जीवाणूंना राहायला स्पंज किंवा सिरॅमिक आत असले पाहिजे. या सगळ्याचा क्रमही जपावा. पाणी आधी जाड स्पंजातून, मग कापसातून आणि शेवटी सिरॅमिकमधून जायला हवे. उलट लावले तर सिरॅमिकच्या बारीक छिद्रांत गाळ बसतो आणि ते निव्वळ दगड होऊन राहतात.

पाकिटावर ‘दर महिन्याला कार्ट्रिज (कापूस आणि कोळसा असलेली फिल्टरची तयार गादी) बदला’ असे लिहिलेले असते, ते मला मुळीच पटत नाही. त्या कार्ट्रिजवरचा कापूस हेच अनेक छोट्या फिल्टरांत जीवाणूंचे एकमेव घर असते. ते दर महिन्याला केराच्या टोपलीत गेले तर टाकी कायम नवीच राहते. त्यातला कोळसा तीन-चार आठवड्यांत निष्प्रभ होतो हे खरे, पण रोजच्या टाकीला कोळशाची गरजही नसते. औषधाचे अंश, पिवळट रंग किंवा वास काढायचा असेल तेव्हा तो उपयोगी पडतो, आणि औषध चालू असताना तर तो काढूनच ठेवावा लागतो, कारण तो औषधच शोषून घेतो. कार्ट्रिजशेजारी स्पंजचा एक तुकडा बसवावा, सहा आठवडे दोन्ही एकत्र चालू द्यावीत, मग कार्ट्रिज काढावे. जुना स्पंज विरून हातात येऊ लागला तरी बदलण्याची रीत हीच. नवा शेजारी ठेवायचा, जीवाणू त्यावर येईपर्यंत जुना हलवायचा नाही. चांगला स्पंज कित्येक वर्षे टिकतो.

प्रवाह कमी झाला आणि स्पंज धुऊनही वाढला नाही, तर दोष बहुधा मोटरच्या फिरकीत असतो. हा भाग लोक उघडतच नाहीत. पंपाच्या तोंडावरची जाळी काढली की खाली एक झाकण असते, ते किंचित फिरवून निघते. आत पात्यांची फिरकी आणि तिला जोडलेला दंडगोल चुंबक असतो. तो चुंबकाच्या ओढीमुळे चटकन सुटत नाही, सरळ वर ओढावा. मधून सिरॅमिकची किंवा स्टीलची बारीक दांडी जाते, तिच्या टोकांना रबराच्या छोट्या टोप्या असतात. सिरॅमिकची दांडी वाकत नाही, थेट तुटते, म्हणून वाकडी ओढाताण नको. टोप्या बोटांतून निसटून मोरीत जातात, म्हणून हे काम ताटात करावे. चुंबकावर आणि तो बसतो त्या खाचेत तपकिरी बुळबुळीत थर, कधी केस, कधी वाळूचा कण सापडतो. जुन्या टूथब्रशने चुंबक आणि कानकाडीने खाच साफ करावी. पाणी जड असेल तर पांढरा क्षार बसतो. फिरकी तासभर व्हिनेगरमध्ये ठेवून स्वच्छ पाण्याने धुतली की तो सुटतो. इथे नळाचे पाणी चालते, कारण जीवाणूंची भिस्त या भागावर नसते. परत लावल्यावर खडखड आवाज आला तर आधी आत हवा अडकली आहे का ते पाहावे. पंप पाण्याखाली तिरका करून हलवला की बुडबुडा निघतो. तरीही आवाज राहिला तर दांडी तुटली आहे, टोपी हरवली आहे किंवा फिरकीचे भोक झिजले आहे. फिरकी आणि दांडी सुटी मिळते, त्यासाठी अख्खा फिल्टर टाकून द्यायला नको.

हवेच्या पंपाचे दोन नियम पाळले की झाले. पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटे येऊन पंपात आणि तिथून बोर्डावर जाते. व्हॉल्व्ह कुठल्या बाजूने बसवायचा हे त्यात फुंकून पाहावे. ज्या बाजूने फुंकर जाते ती पंपाकडे. हवा कमी झाली तर आधी हवेचा दगड (नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) बदलून पाहावा, कारण दगड चोंदला की आतल्या रबरी पडद्यावर ताण येऊन तो फाटतो. आणि कोणतीही वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ घेऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळाच्या टोकाशी ठिबकते, प्लगपर्यंत पोचत नाही.

फिल्टर रात्री बंद करण्याची सवय सर्वांत जास्त नुकसान करते असे माझे मत आहे. कारण बहुतेक वेळा आवाजाचे असते, तर कधी ‘मोटरला विश्रांती’ हे असते. मोटरला विश्रांती लागत नाही, ती अखंड चालण्यासाठीच बनवलेली असते. जीवाणूंना मात्र वाहते, प्राणवायू असलेले पाणी अखंड लागते. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये प्रवाह थांबला की आतला प्राणवायू काही तासांत संपतो, थर मरू लागतो आणि आतले पाणी कुजते. सकाळी बटण दाबताच ते कुजके पाणी माशांच्या अंगावर येते. वीज चार-पाच तासांहून जास्त गेली असेल तर असा फिल्टर थेट चालू न करता उघडून, टाकीच्या पाण्यात खळबळून मग लावावा. वीज लवकर येणार नसेल तर स्पंज काढून टाकीतच मोकळा ठेवावा. रात्रीच्या आवाजावर उपाय आहेत. पाण्याची पातळी दोन बोटे वाढवली की धबधब्याचा आवाज थांबतो, आणि हवेचा पंप जाड स्पंजच्या तुकड्यावर ठेवला की घरघर जमिनीत उतरत नाही. गरमीच्या दिवसांत तर फिल्टर बंद ठेवणे आणखी धोक्याचे. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६, आणि गरम पाण्यात माशांची गरज मात्र वाढलेली असते.

आता खाद्य. काचेजवळ गेले की मासे धावत येतात, तोंड उघडतात, आणि पाहणाऱ्याला ते उपाशी वाटतात. मासा ही हालचाल शिकलेला असतो. पोट भरलेले असतानाही तो येतोच. त्याच्या येण्यावरून भूक ठरवू नये. मोठ्या झालेल्या छोट्या माशांना दिवसाला त्यांच्या वजनाच्या एक ते दोन टक्के कोरडे खाद्य पुरते. टाकीतल्या सगळ्या माशांचे मिळून वजन २० ग्रॅम असेल तर रोज ०.२ ते ०.४ ग्रॅम. बारीक वजन करणाऱ्या काट्यावर हे एकदा मोजून डोळ्यांखाली घालावे. सवयीच्या चिमटीत याच्या कितीतरी पट खाद्य मावते हे तिथेच कळते. काटा नसेल तर अगदी थोडे टाकावे, ते संपल्यावरच पुढचे टाकावे, आणि दोन मिनिटांत थांबावे. एकही दाणा तळाशी जाऊन पडून राहत असेल तर प्रमाण जास्त आहे. हे दोन वेळांत विभागावे. पिल्लांना मात्र दिवसातून चार-पाच वेळा, अगदी कणाकणाने द्यावे लागते. मोठ्यांना आठवड्यातून एक दिवस उपास दिला तर काहीही बिघडत नाही, तळाशी राहिलेले खाऊन टाकायला त्यांना सवड मिळते.

खाद्याचा आकार तोंडाला आणि जागेला जुळायला हवा. तोंड वरच्या बाजूला वळलेले मासे पृष्ठभागावर खातात, त्यांना तरंगणारे पापुद्रे किंवा बारीक दाणे. सरळ तोंडाचे मधल्या थरात, हळूहळू बुडणारे खाद्य टिपतात. खाली वळलेल्या तोंडाच्या कोरिडोरससारख्या माशांना बुडणाऱ्या गोळ्या, त्याही दिवा मालवल्यावर, नाहीतर वरचे मासे त्या आधीच फस्त करतात. तळाचे मासे ‘उरलेले खाऊन टाकी साफ ठेवतात’ या समजावर त्यांना उपाशी ठेवले जाते. सकर माशाबद्दल तर हा समज फारच पसरला आहे. साधा सकर फूटभराहून मोठा होतो, त्याला स्वतःचा वनस्पतिजन्य आहार लागतो आणि तो घाण कमी करण्याऐवजी भरपूर वाढवतो. ४५ लिटरच्या टाकीत तो देणे अन्यायाचे आहे. गोल्डफिशला जठर नसते, त्यामुळे एकदम भरपूर खाद्य त्याला झेपत नाही. थोडे थोडे आणि बुडणारे दाणे द्यावेत, म्हणजे तो पृष्ठभागावर हवा गिळत बसत नाही. अधूनमधून उकडून मऊ केलेला, साल काढलेला वाटाणा त्याला चांगला. पाव, बिस्किटाचा चुरा कोणत्याच माशाला देऊ नये. त्यात प्रथिने कमी, पीठ जास्त, आणि ते क्षणात विरघळून पाणी गढूळ करते. गोठवलेल्या अळ्या आठवड्यातून एकदा-दोनदा द्यायला हरकत नाही, मात्र वाटीत वितळवून वरचे पाणी फेकून मगच. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) घाण पाण्यात वाढतात आणि रोग आणतात, ते मी कोणाला सुचवणार नाही.

पापुद्रे प्रवाहात सापडून थेट फिल्टरमध्ये ओढले जातात आणि तिथे कुजतात. म्हणून काही जण खाद्य देताना फिल्टर बंद करतात आणि चालू करायचे विसरतात. त्यापेक्षा हवेच्या नळीचा तुकडा गोल जोडून त्याचे तरंगते कडे करावे, रबरी सक्शन कपने प्रवाहापासून दूर काचेला अडकवावे आणि खाद्य त्या कड्यात टाकावे.

घरात तिघे-चौघे असले की प्रत्येक जण मायेने एकेक चिमूट टाकतो आणि दुसऱ्याने टाकल्याचे कोणाला ठाऊक नसते. औषधाच्या गोळ्यांची सात कप्प्यांची डबी येते, तीत आठवड्याचे खाद्य भरून टाकीशेजारी ठेवावी. कप्पा रिकामा असेल तर आजचे झाले. गावाला जाताना शेजाऱ्यांकडे पूर्ण डबा देण्यापेक्षा हीच डबी द्यावी. खरे तर तंदुरुस्त, मोठे झालेले मासे आठवडाभर अन्नाशिवाय सहज राहतात. सुट्टीसाठी मिळणाऱ्या विरघळणाऱ्या वड्या त्यांच्यापेक्षा पाण्यालाच जास्त जड जातात. जाण्याच्या आदल्या दिवशी मात्र फिल्टर धुवू नये आणि ‘पुरावे म्हणून’ जास्तीचे खाद्य टाकू नये. डबा नेहमी छोटा घ्यावा, कोरड्या हाताने उघडावा, दिव्यावर किंवा टाकीच्या गरम झाकणावर ठेवू नये. उघडल्यावर क जीवनसत्त्व हळूहळू नष्ट होते, स्निग्धांश खवट होतो. तीन-चार महिन्यांत संपेल एवढेच खाद्य घरी असावे.

खाद्य आणि पाणी बदलणे यांचीही गाठ पक्की आहे. वरच्याच हिशेबाने ४५ लिटरमध्ये १ ग्रॅम खाद्यातून लिटरमागे जास्तीत जास्त सहा मिलिग्रॅमच्या आसपास नायट्रेट वाढते. रोज अर्धा ग्रॅम टाकले तर आठवड्याला २२. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलत राहिले तरी पातळी वर चढत चढत ७३ ला जाऊन स्थिरावेल; खाद्य निम्मे केले तर तीच ३७ वर थांबेल. वनस्पती असतील तर दोन्ही आकडे खाली येतील. नायट्रेट ४० च्या आत ठेवायचे असेल तर खाद्य कमी करणे हा बादल्या उचलण्यापेक्षा सोपा मार्ग आहे.

महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीत एक दबा धरून बसलेला धोका असतो. अमोनियाचे नायट्रेट होताना पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल झेलून पीएच स्थिर ठेवण्याची ताकद, खर्ची पडते. १ मिलिग्रॅम नायट्रोजनमागे, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात, ७ मिलिग्रॅमहून थोडी जास्त. क्षारता संपली की पीएच कोसळतो, सहाच्या खाली गेला की जीवाणूंचे काम जवळजवळ थांबते आणि अमोनिया साठू लागतो. पण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांश निरुपद्रवी रूपात असतो, म्हणून मासे जगतात. मग एके दिवशी उत्साहाने निम्म्याहून जास्त पाणी बदलले जाते. नव्या पाण्याने पीएच झटकन वर जातो, साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो आणि संध्याकाळपर्यंत मासे आडवे होतात. दोष नव्या पाण्याला दिला जातो. अशा जुन्या टाकीत रोज दहा टक्के पाणी बदलत आठवडाभरात हळूहळू ताळ्यावर यावे. एरवी आठवड्याला २५ ते ३० टक्के, तेही खड्यांत सायफन फिरवून गाळासकट. नवे पाणी तापमानाला एक-दोन अंशांच्या फरकात जुळलेले आणि अँटिक्लोरिन (क्लोरीन घालवणारे द्रावण) घातलेले असावे. पाणी दिवसभर उघडे ठेवून क्लोरीन उडून जाते, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे टिकाऊ संयुग) असेल तर ते असे जात नाही. मोठा पाणीबदल आणि फिल्टरची सफाई एकाच दिवशी करू नये; तळाच्या खड्यांवरचे जीवाणू आणि स्पंजवरचे जीवाणू यांतला एक गट तरी शांत राहू द्यावा. महिन्यातून एकदा मासे बादलीत काढून टाकी रिकामी करून घासण्याची पद्धत तर पूर्ण बंद व्हायला हवी.

मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत असतील, कल्ले लाल दिसत असतील, तर खाद्य दोन दिवस थांबवावे, हवा वाढवावी, लगेच ३० टक्के पाणी बदलून चाचणी करावी आणि अमोनिया-नायट्राइट शून्यावर येईपर्यंत रोज बदलत राहावे. नायट्राइट आढळले तर १० लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात मीठ विरघळवून घालावे. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. फिल्टरला मात्र हात लावू नये, औषधांची बाटलीही उघडू नये. मिथिलीन ब्लू हे निळे औषध आणि काही प्रतिजैविके फिल्टरमधले जीवाणूच मारतात. औषध द्यायचेच असेल तर वेगळ्या भांड्यात. नव्या टाकीत पाणी पांढुरके, दुधी झाले तर तो जीवाणूंचा तात्पुरता बहर असतो, काही दिवसांत ओसरतो. तेव्हा फिल्टर धुतला की सगळे पहिल्यापासून सुरू.

आपल्याकडे एक विनंती आहे. मत्स्यटाकीची छायाचित्रे छापताना खाली टाकीत प्रत्यक्ष पाणी किती लिटर आहे, मासे किती व कोणते आहेत आणि फिल्टर ताशी किती लिटरचा आहे, एवढे तरी द्यावे. साधारणतः पाण्याच्या चार ते सहा पट क्षमतेचा फिल्टर लागतो, म्हणजे ४५ लिटरला ताशी २०० ते ३०० लिटर. फायटरसारख्या संथ पाण्यातल्या माशांना त्याचा जोर स्पंज लावून मोडावा लागतो. विक्रेत्यांनाही सांगणे आहे. टाकी, फिल्टर आणि मासे एकाच दिवशी एकाच पिशवीत देऊ नयेत. आधी टाकी आणि फिल्टर द्यावा, आपल्याकडच्या निरोगी, चालू टाकीतल्या स्पंजचा एक ओला तुकडा सोबत द्यावा, आणि घरी पोचताच, तो वाळायच्या आत, नव्या फिल्टरमध्ये घालायला सांगावे. त्यानंतर दोन-तीन काटक मासे द्यावेत, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही आठवडाभर शून्य दिसल्यावर बाकीचे.

आपला,
एक मत्स्यपालक वाचक